पिन काढली तरी कॉम्प्युटरचं घड्याळ चालतं कसं?

उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर गावी जाताना आपण घरातली सगळी बटणं बंद करतो, कॉम्प्युटरची पिनही काढून ठेवतो. परतल्यावर तो सुरू केला, तर कोपऱ्यातली वेळ बरोबर! महिनाभर वीज नव्हती, मग हे घड्याळ चाललं कशावर?

डेस्कटॉपच्या बाजूचा पत्रा काढा. मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, रुपयाच्या नाण्यासारखा चकचकीत सेल बसवलेला दिसेल. त्यावर बहुधा ‘सीआर २०३२’ असं कोरलेलं असतं. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हा ३ व्होल्टचा लिथियम सेल चार्ज होत नाही. आहे तेवढ्यावरच त्याला निभवायचं असतं.

त्याच्या जिवावर क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का? तो १५ वेळा निम्मा करत गेलात की बरोबर १ उरतो. चिप नेमकं तेच करते आणि दर सेकंदाला एक ठोका मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हीच युक्ती असते. मला तर ती फार देखणी वाटते.

आता पिनेकडे वळू. कॉम्प्युटर ‘शटडाउन’ केला, पण भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं, तर पॉवर सप्लाय मदरबोर्डाला थोडी वीज पुरवतच राहतो. घड्याळ त्यावरच भागवतं, सेलला जवळपास हातच लागत नाही. बटण बंद केलं किंवा पिन काढली, की सगळा भार सेलवर येतो.

पण भार तो केवढा? घड्याळाला साधारण ५ मायक्रोअँपियर, म्हणजे मिलिअँपियरचे पाच हजारांश, लागतात असं धरू. सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपियर-तास साठा असतो. म्हणजे ४४,००० तास, पाच वर्षं! महिनाभराच्या सुटीत दोन टक्केही खर्च होत नाहीत. त्यामुळे सेल वाचावा म्हणून बटण चालू ठेवू नका. विजा कडकडत असताना तर पिन काढलेलीच बरी.

सेल संपत आला, की बटण बंद केल्यावर तारीख एकदम कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझरही ‘ही साइट सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो, कारण साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि कॉम्प्युटरच्या लेखी ती अजून सुरूच झालेली नसते. शेजारच्या काकांनी व्हायरस समजून विंडोज नव्याने टाकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे! सेल बदलला आणि प्रश्न मिटला.

बदलताना पिन काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि सेलच्या कडेचा खटका हळूच दाबा. सेल वर उचलला जातो. नवा बसवताना, सेलची खाच आडवी असेल तर अधिक खूण वर ठेवा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो लगेच अशा जागी ठेवा, जिथे लहान मुलांच्या हाती लागणार नाही. संपलेला सेलसुद्धा गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. तसा नुसता संशय आला, तरी थेट हॉस्पिटल गाठा.