भरत जाणारा मनोरा, उतरत जाणारा आकडा

रिफायनरीत स्फोट झाल्याची बातमी आली की दोन प्रश्न ठरलेले असतात: ठिणगी कुठून पडली आणि चूक कोणाची? पहिल्या प्रश्नाला मी फारशी किंमत देत नाही. जिथे भट्ट्या, मोटारी आणि गाड्या रात्रंदिवस चालू असतात, तिथे ज्वालाग्राही वाफेचा ढग मोकळा सुटला तर त्याला पेटवणारं काहीतरी भेटतंच. विचारायचं ते हे, की ढग सुटलाच कसा.

23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या बीपी या तेल कंपनीच्या रिफायनरीत असा ढग सुटला. 15 माणसं मेली, 180 जखमी झाली. एका पिकअप गाडीच्या चालू इंजिनाने तो पेटला असावा, असा तपासाचा निष्कर्ष आहे. पण त्याआधी तीन तास जे चाललं होतं, त्याच्या मुळाशी आर्किमिडीजचं तत्त्व आहे.

बंद असलेला 170 फूट उंचीचा एक ऊर्ध्वपातन मनोरा त्या दिवशी पुन्हा सुरू करत होते. पेट्रोलमध्ये जाणारे हलके आणि जड घटक वेगळे करायचं त्याचं काम. चालू असताना तळाशी जेमतेम काही फूट द्रव असायला हवा. ही पातळी मोजणारं उपकरण म्हणजे उभा लटकवलेला एक जड दंडगोल, ज्याला डिस्प्लेसर म्हणतात. हा तरंगत नाही. द्रव जितका वर चढेल तितका दंडगोल जास्त बुडतो, त्याचं वजन तितकं कमी भरतं, आणि वजनातल्या या घटीवरून उपकरण पातळी सांगतं.

आता जरा बारकाईने बघू. वजनातली घट म्हणजे प्लावक बल. ते बुडालेलं आकारमान, द्रवाची घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराइतकं असतं. दंडगोल अर्धवट बुडालेला असेपर्यंत पातळीबरोबर आकारमान बदलतं, म्हणजे मोजमाप खरोखर पातळीचंच होतं. पण तो पुरता बुडाला की आकारमान स्थिर. त्यावर एक फूट द्रव असो की दीडशे फूट, प्लावक बलाला फरक पडत नाही. सूत्रात बदलण्यासारखी एकच राशी उरते, घनता. म्हणजे पातळी मोजणारं उपकरण त्या क्षणापासून घनतामापक होतं, आणि पडद्यावर मात्र ‘पातळी’ असंच लिहिलेलं राहतं!

टेक्सास सिटीतलं उपकरण मनोऱ्याच्या तळच्या नऊ फुटांपैकी फक्त वरचे पाच फूट मोजू शकत होतं. पहाटेच ते 99 टक्क्यांवर पोचलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास भट्टी पेटवली आणि द्रव तापू लागला. पेट्रोलसारखी हायड्रोकार्बनं दर अंश सेल्सियसला साधारण एक हजारांश प्रसरण पावतात. शंभर अंश तापवलं तर घनतेतली घट डोळ्यांत भरण्याइतकी होते. घनता उतरली, प्लावक बल उतरलं, आकडाही उतरला. त्यात उपकरण जुळवलं होतं 1975 सालच्या जुन्या तक्त्यातली घनता धरून. दुपारी 1 वाजून 4 मिनिटांनी पडद्यावर 78 टक्के, म्हणजे आठ फुटांहून थोडी कमी पातळी दिसत होती. प्रत्यक्षात द्रव 158 फुटांवर होता.

उच्च पातळीचा दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. बाहेरून पातळी बघायची काच इतकी मळलेली, की आतलं काही दिसत नव्हतं. काही ऑपरेटर 29 किंवा त्याहून जास्त दिवस सलग बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होते. त्यांना ‘बेफिकीर’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

शेवटी द्रव बाहेर सोडणारा, इतका वेळ बंद असलेला तळाचा व्हॉल्व उघडला, तर त्यानेच घात केला. बाहेर जाणारा गरम द्रव उष्णता विनिमयकातून आत येणाऱ्या द्रवाला तापवतो; आत येणारा भाग एकदम उकळायला लागला, फुगला, आणि मनोरा माथ्यावरून ओसंडला. माथ्यावरून खाली येणाऱ्या वाफेच्या नळात द्रव भरला, आणि त्या उभ्या स्तंभाच्या दाबाने खालचे सेफ्टी व्हॉल्व उघडले. ते सहा मिनिटं उघडे होते. तेवढ्यात सुमारे दोन लाख लिटर गरम द्रव ब्लोडाउन ड्रमकडे, म्हणजे सेफ्टी व्हॉल्वमधून सुटलेला द्रव झेलणाऱ्या टाकीकडे गेला. या ड्रमला वायू जाळून टाकणारी मशाल जोडलेली नव्हती, होती ती आकाशाकडे उघडी चिमणी. तिच्यातून कारंजं उडालं. मेलेल्यांपैकी बहुतेक जण जवळच उभ्या केलेल्या ट्रेलरवजा कचेऱ्यांत किंवा त्यांच्या आसपास होते. ते सगळे कंत्राटी कामगार, आणि मनोरा सुरू होतोय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हल्ली अशा प्रत्येक अपघातानंतर ‘एआय असतं तर टळलं असतं’ म्हणणारे भेटतात. त्या पातळीच्या उपकरणावर विसंबलेल्या एआयलाही 78 टक्केच दिसले असते. त्या दिवशी कामाला आली असती ती वजाबाकी. दिवसाला 20,000 बॅरल या वेगाने द्रव आत येत होता आणि बाहेर जाणारा व्हॉल्व तीन तास बंद होता. तीन तासांचे 2,500 बॅरल, म्हणजे जवळजवळ चार लाख लिटर. आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय, हे दोन्ही आकडे कंट्रोल रूममध्ये उपलब्ध होते, पण दोन वेगवेगळ्या पडद्यांवर.