लोणारचं पाणी गुलाबी झालं त्याच्या आधी

जून २०२० मध्ये लोणारचं हिरवट सरोवर बघता बघता गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते, सगळ्यांच्या हातात फोन. बुलढाणा जिल्ह्यातले ते फोटो घरोघरी पोचले आणि त्यांच्यासोबत देवीच्या कोपाच्या गोष्टीही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खार वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, असं निदान झालं. नमुन्यातले जीव तळाला बसल्यावर वरचं पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं. रंग पाण्याचा नव्हता, त्या जिवांच्या अंगाचा होता.

वऱ्हाडात खार ही नवी गोष्ट नाही. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये लोणारचा उल्लेख आहे तो काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो म्हणून. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. इकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणीच खारट. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्र शेकडो मैल दूर असताना अकोला जिल्ह्यातल्या दहिहंड्याला लोकांनी कायदा मोडला तो याच खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून. माझं बालपण या पट्ट्यातलं. खार म्हणजे मुतखडा, चोपण जमीन आणि गोड्या पाण्यासाठी डोक्यावर हंडा, एवढंच आम्ही शिकलो. त्यात काही जगतं, हे कोणी सांगितलं नाही.

विज्ञानाचीही या जिवांशी पहिली ओळख नुकसानीतूनच झाली. खारवलेल्या कॉड माशावर आणि मीठ लावून ठेवलेल्या कातड्यांवर लाल डाग पडायचे, माल वाया जायचा. १८८० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम फार्लो यांनी माशांवरची ही लाली तपासली आणि ती मिठातूनच येत असावी असं सुचवलं. त्यांचा अंदाज बरोबर होता. उन्हात वाळवलेल्या समुद्री मिठाच्या खड्यात हे जीव अडकून राहतात. आपल्या आठवडी बाजारात खारी मासळी घेताना जाणत्या बाया लालसर तुकडा बाजूला सारतात, ती पारख त्याच जातीची.

पुढे १९३६ मध्ये बेंजामिन वोल्कानी यांनी मृत समुद्रातही सूक्ष्मजीव जगतात हे दाखवलं. तोवर या सगळ्यांना बॅक्टेरियाच समजत. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रणेतल्या) आरएनएची तुलना करून जीवसृष्टीची एक वेगळीच शाखा दाखवली, तीच आजची आर्किया. मीठप्रेमी जीव त्या शाखेत गेले, पण नावं जुनीच राहिली. म्हणून ‘हॅलोबॅक्टेरियम’ आजही नावात बॅक्टेरियम आहे आणि जातीने आर्किया.

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्या पाणी सोडतात. कोणत्याही पेशीचं मिठात हेच होतं. हे जीव मात्र पेशीतच पोटॅशियम क्लोराइड भरून घेतात, म्हणजे आत-बाहेर खार सारखाच. त्यांची प्रथिनंही तशीच घडलेली, पृष्ठभागावर आम्लधर्मी घटक दाटीवाटीने असलेली, मिठातच आकार धरणारी. यांतले बहुतेक जीव २० ते २५ टक्के मिठात सुखाने वाढतात. समुद्रात ते साडेतीन टक्के असतं. गोड्या पाण्यात टाकलं तर बहुतेकांची पेशी फुटते.

त्यांचा लालगुलाबी रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या गटातल्या रंगद्रव्याचा. तो कडक उन्हापासून त्यांना सांभाळतो. काहींच्या पेशीपटलात याशिवाय जांभळं प्रथिन असतं. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांना त्यात रेटिनल सापडलं, आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणारा तोच रेणू. ऊन पडलं की हे प्रथिन पेशीतले प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्या जोरावर पेशी ऊर्जा तयार करते. हरितद्रव्याशिवाय उन्हावर जगण्याची ही रीत मला आजही थक्क करते. १९७५ मध्ये हेंडरसन आणि अनविन यांनी याच प्रथिनाची त्रिमित रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढली. हेंडरसन यांना २०१७ च्या नोबेलपर्यंत नेणारी वाट तिथून निघाली. इजिप्तच्या वादी नत्रूनमधली सरोवरं लोणारसारखीच सोड्याची. तिथल्या नॅट्रोनोमोनास या जिवाचं प्रथिन २००७ पासून मेंदूच्या पेशी प्रकाशाने शांत करण्यासाठी प्रयोगशाळेत वापरलं जातं.

स्पेनमध्ये सांता पोलाच्या मिठागरांतला हॅलोफेरॅक्स मेडिटेरानेई हा आणखी एक. फ्रान्सिस्को मोहिका यांना १९९३ मध्ये त्याच्या डीएनएत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दिसले. पुढे त्यांना क्रिस्पर हे नाव मिळालं आणि ती विषाणूंच्या हल्ल्यांची आठवण असल्याचं उमगलं. क्रिस्परवर आधारलेल्या जनुक-कात्रीसाठी शार्पेंतिए आणि डाउडना यांना नोबेल जाहीर झालं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. लोणार गुलाबी झाल्याला तेव्हा चार महिने झाले होते.

हाच हॅलोफेरॅक्स आपल्या पेशीत, कुजून जाऊ शकणाऱ्या प्लास्टिकचा साठाही करतो. एवढ्या मिठात दुसरे जंतू शिरत नाहीत, म्हणून निर्जंतुक करण्याचा खर्च वाचतो. आणि माल काढायचा तर पेशी गोड्या पाण्यात फोडायची. अडचण यंत्रांची आहे, खार पोलाद खातो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

लोणार नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. अलीकडे मात्र सरोवराची पातळी चढत चालली आहे, काठच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी आलं. गोडं पाणी वाढलं की आम्हाला आनंद होतो, तो आमच्या अंगात मुरलेला आहे. या जिवांसाठी मात्र पाणी पातळ होणं म्हणजे मरण. पुण्यात सूक्ष्मजीव जतन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे लोणारचे जितके वाण पोचवता येतील तितके, पाण्यातला खार टिकून आहे तोवरच पोचवायला हवेत.