सपाट रानातली चढण

कोथळीच्या पुढे डांबर सोडून पाणंदीत सायकल घातली की आधी आवाज बदलतो. डांबरावर टायरची एकसुरी घरघर चालू असते. इथे चरचर सुरू होते आणि मधूनच एखादा खडा टायरच्या कडेखालून निसटून उसात जाऊन पडतो. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, मध्ये बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, त्यांच्या मधोमध गवताची पट्टी. सांगलीहून हरिपूर, कोथळी, उदगाव, अर्जुनवाड, शिरोळ असे वळसे घेत नृसिंहवाडीला जायचं तर वाटेत खिंड नाही, टेकडी नाही. तरी वाडीला नदीच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसतो, तेव्हा मांड्या भरून आलेल्या असतात. चढ लागलाच नाही, मग ताकद गेली कुठे?

हिशेब मांडता येतो. मी आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. चांगल्या डांबरावर चाक गडगडताना जो रोध होतो, तो वजनाच्या साधारण हजारात पाच भाग असतो. दाबलेल्या मुरमावर तोच दहा-बारा भाग होतो आणि भुसभुशीत जागी आणखी वाढतो. त्यात हवेचा रोध मिळवला, तर ताशी २० किलोमीटर वेगासाठी डांबरावर सुमारे ७० वॅट लागतात, मुरमावर १००. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा लागला की हा आकडा १६० वर जातो. आता हेच चढाच्या भाषेत सांगतो. मुरमाचा जादा रोध म्हणजे दर शंभर मीटरला पाऊण मीटर चढ. वाऱ्यासह धरला तर जवळजवळ दोन मीटर. पन्हाळा आसपासच्या सपाटीपासून चारशेहून अधिक मीटर उंच आहे. तीस किलोमीटर मुरूम तुडवला की पायांनी अर्धा पन्हाळा चढलेला असतो, आणि वारा तोंडावर असेल तर दीड.

कृष्णा महाबळेश्वरला १,३०० मीटरच्या वर उगम पावते आणि सांगलीला येईपर्यंत साडेपाचशे मीटरवर उतरलेली असते. उताराची घाई इथे संपते आणि नदी वळणं घ्यायला लागते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी वेगानं धावतं, तिथली कड तुटते. आतल्या अंगाला ते मंदावतं, तिथे गाळ बसतो. हीच ती मळीची जमीन. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव जिच्यामुळे म्हणतात, ती. पुराचं पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग एकदम कमी होतो, म्हणून जाड कण काठावरच पडतात आणि बारीक चिकणमाती लांब आत जाऊन बसते. वर्षानुवर्षं असं होत गेल्यानं नदीचा काठ आतल्या शिवारापेक्षा थोडा उंच राहतो. डोळ्याला हे दिसत नाही. सायकलवर मात्र कळतं: काठाजवळची वाट पावसानंतर लवकर वाळते, आतली चार दिवस ओली राहते.

आणि ओलं काळं रान काय करतं, ते मी एका जूनमध्ये अनुभवलं. मुरूम न पडलेल्या पाणंदीत शिरलो आणि पन्नास पावलंही गेलो नसेन. चाकावर मातीचा थर चढला, थरावर थर बसला, आणि ब्रेकच्या सापटीत लोंदा अडकून मागचं चाक जागच्या जागी थांबलं. काटकीनं कोरून काढलं, तर पुढच्या चार फेऱ्यांत तेच. बांधावरून एका शेतकऱ्यानं आवाज दिला, "पाव्हणं, खांद्यावर घ्या सायकल. हितं चाक फिरत नसतंय आता!" अर्धा किलोमीटर सायकल खांद्यावरून नेली. तिचं वजन तोवर दुपटीच्या आसपास गेलं असावं.

या मातीतल्या चिकणमातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या चळती. पाणी या पापुद्र्यांच्या मधल्या फटींत शिरतं आणि चळत फुगते. वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात याच रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसात ती फुगून वर ढकलली जाते, जणू रान स्वतःलाच नांगरत असतं. पिकाला हे चांगलं, रस्त्याला घातक. अशा मातीवर थेट डांबर टाकलं की दोन-तीन पावसाळ्यांत ते उलतं.

म्हणून आपल्याकडे मुरूम टाकतात. मला यातली गंमत अशी वाटते, की मुरूम आणि काळी माती ही एकाच आईची लेकरं आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले, त्यांचा काळा कातळ झाला. तो अर्धवट झिजला, कुजला की मुरूम. पूर्ण कुजला की काळी माती. मुरमात टोकदार खडे असतात, बारीक चुरा असतो आणि थोडी चिकण माती असते. टोकदार खडे एकमेकांत अडकतात, चुरा फटी भरतो, चिकण माती सगळ्याला धरून ठेवते. नदीतले गोटे कितीही टाका, ते गुळगुळीत असल्यानं एकमेकांत बसतच नाहीत, टायरखालून गडगडत राहतात.

स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॲडम यांनी १८२० च्या सुमारास रस्तेबांधणीत हेच तत्त्व मांडलं: फोडलेली, कोनदार, बारीक खडी वापरा, आणि रस्त्याखालची माती कोरडी ठेवा. भार खरं तर खालची मातीच पेलते, पण कोरडी असेल तरच. तेव्हा रस्त्याचं पहिलं काम आहे मातीवर छप्पर होण्याचं. मधला भाग वर, दोन्ही कडा खाली, दर मीटरला तीन-चार सेंटिमीटर उतार आणि बाजूला वाहती चर. पाणंद दुरुस्त करताना मुरूम भरपूर टाकला जातो, दबाई होते, आणि चर काढायची तेवढी राहते. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. एका पावसाळ्यात सगळा खर्च चिखलात जातो, आणि तो शेतकऱ्याच्या कष्टाच्या पैशातून गेलेला असतो.

पाणी मात्र मुरमाचं वैरीच आहे असं नाही. दिवाळीत किल्ला केलाय त्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. कोरडी माती बुरूज धरत नाही, पातळ चिखल ओघळतो, आणि नेमकी ओलसर माती हाताच्या दाबानं उभी राहते. कणांच्या मध्ये पाण्याचे चिमुकले पूल तयार होतात आणि पाण्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढतो. पाणी आटलं की पूल तुटतात, जास्त झालं की फटी भरून ओढच संपते. हलकी सर पडून गेल्यानंतरची सकाळ मुरमावर सायकल चालवायला सगळ्यात चांगली, ती यामुळेच. धूळ नाही, टायर रुतत नाही.

कोरड्या दिवसांत दुसराच त्रास सुरू होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावू लागल्या की वाटेवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात आणि दात वाजायला लागतात. टोरांटो, केंब्रिज आणि लियाँच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गोल फिरत्या टेबलावर वाळू आणि तिच्यावर एक चाक. चाकाला स्प्रिंग नसली तरी लाटा उठल्या, म्हणजे त्यांना गाडीच्या स्प्रिंगची उसळी लागतेच असं नाही. मात्र एका ठराविक वेगाच्या खाली त्या उठतच नाहीत. चपट्या खड्यानं तळ्यावर भाकऱ्या काढतो ना, त्याच जातीची ही उडी आहे: चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पडतं तिथे वाळू ढकलतं, पुढच्या चाकासाठी नवा उंचवटा तयार होतो. तो वेग इतका कमी असतो की त्याच्या खाली राहून वाहन चालवणं जमत नाही. बैलगाडीच्या काळात चाकोऱ्या पडत. लाटा प्रामुख्यानं मोटारींनी आणल्या.

टायरबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की हवा जितकी टणक तितकी सायकल हलकी. गुळगुळीत डांबरावर त्यात तथ्य आहे. मागच्या चाकावर ५० किलो भार असेल आणि हवेचा दाब ८० पीएसआय (दर चौरस इंचाला ८० पौंड) असेल, तर टायर जमिनीला जेमतेम ९ चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा ३५ वर आणली की २० चौरस सेंटिमीटर. टणक टायर प्रत्येक खड्यावर अख्ख्या माणसाला उचलतो. ती ऊर्जा मनगटांत, पाठीत, मांड्यांच्या स्नायूंत जिरते आणि पुढे जाण्याच्या कामी येत नाही. मऊ, रुंद टायर खडा पोटात घेतो, शरीर सरळ पुढे जातं. डनलॉप यांनी १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला, तो हाच हिसका कमी करण्यासाठी.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ पासून खडीवरची लांब पल्ल्याची शर्यत भरते. तिथून पसरलेल्या या खेळाच्या सायकलींना आज ४० मिलिमीटरच्या आसपासचे टायर लावतात. आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीचा टायर अठ्ठावीस-दीड. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. लांब सांगाडा, मागे कललेला पुढचा दांडा, रुंद टायर: कच्च्या वाटेसाठी जे हवं ते सगळं तिच्यात आधीपासून आहे. दुधाच्या चार किटल्या लटकवून ती याच पाणंदींतून रोज पहाटे जात होती.

वाऱ्याचं थोडक्यात सांगतो. आडोशाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावलेला असतो. म्हणजे अडीच मीटर उंच ऊस पंचवीस मीटरपर्यंत आधार देतो. ऊसतोड सुरू झाली की तीच वाट एका आठवड्यात उघडी पडते आणि ओळखीच्या वळणावर अचानक गिअर उतरवावा लागतो.

शिरोळकडे जाताना काही रानं पांढरी दिसतात. तालुक्यातली बरीच जमीन क्षारपड झालेली आहे. जास्त पाण्यानं भूजल वर येतं, मातीच्या बारीक फटींतून पृष्ठभागापर्यंत चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मुरमाला बांधून ठेवणारा पृष्ठताणच इथे मीठ वर ओढत असतो. अशा रानालगतची वाट भर उन्हाळ्यातही आतून ओली असते आणि पायडल मारताना चाक किंचित खचल्यासारखं वाटतं. अलीकडे शेतकरी जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप पुरून हे पाणी बाहेर काढतात. जिथे पाइप पडले, तिथे ऊस परत हिरवा झालेला मी पाहिला आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. या सगळ्या पाणंदी पाण्याखाली होत्या. असा पूर ओसरतो तेव्हा मुरमातला बारीक चुरा वाहून गेलेला असतो, कुठे नुसते दगड उघडे पडलेले, कुठे घोटाभर पोयटा. मग गळीत हंगाम तोंडावर आला की आजूबाजूचे शेतकरी वर्गणी काढून ट्रॉल्या मागवतात. ताजा मुरूम तांबूस-पिवळा असतो आणि पहिल्या दिवशी चाक त्यात हातभर वळवळत जातं. बैलगाड्या चार-आठ दिवस फिरल्या की त्याच्यावर दोन गडद, घट्ट रेघा उमटतात. पुढचं चाक मी त्यातल्या डाव्या रेघेत ठेवतो.