प्रतिजैविक संयुगांची लक्ष्यबंधन व एमआयसी चाचणी

नव्या प्रतिजैविकाच्या शोधात प्रत्येक संयुगाबाबत दोन गोष्टी मोजाव्या लागतात: जीवाणूतील ठरावीक प्रथिनाला, म्हणजे लक्ष्याला, ते किती घट्ट चिकटते आणि किती मात्रेला जिवंत जीवाणूची वाढ थांबते. पहिले साधले म्हणजे दुसरे साधतेच असे नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात ७० शोधमोहिमा चालवल्या. त्यांपैकी ६७ लक्ष्य-प्रथिनांवर होत्या, आणि पुढे नेण्याजोगी संयुगे अवघ्या ५ मोहिमांतून निघाली.

लक्ष्यचाचणीचे नेहमीचे उदाहरण डीएनए गायरेजचे, म्हणजे जीवाणूच्या डीएनएला पीळ देणाऱ्या एन्झाइमचे. पीळ नसलेले (शिथिल) पीबीआर३२२ प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, ऊर्जा पुरवणारे एटीपी आणि हे एन्झाइम ३७° से. तापमानाला एकत्र ठेवले की प्लाझ्मिडला पीळ बसतो. १ टक्का ॲगॅरोज जेलमध्ये पिळदार डीएनए पुढे धावतो. हा पीळ निम्म्यावर आणणारी संहती म्हणजे आयसी५०. वापरलेल्या क्रियाशील एन्झाइमच्या संहतीच्या निम्म्याखाली हा आकडा जाऊच शकत नाही, म्हणून अतिशय घट्ट बसणाऱ्या संयुगांतला फरक येथे दिसत नाही. काही संयुगे द्रावणात पुंजके करून कोणत्याही प्रथिनाला अडवतात. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तो निकाल खरा धरू नये.

वाढ रोखणारी किमान संहती, म्हणजेच एमआयसी, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये काढतात. म्युलर-हिंटन ब्रॉथ या जीवाणू वाढवण्याच्या पोषक द्रवात लिटरला २०–२५ मिग्रॅ. कॅल्शियम आणि १०–१२.५ मिग्रॅ. मॅग्नेशियम असावे. एका ओळीतल्या १० खळग्यांत ६४ पासून ०.१२५ मायक्रोग्रॅम/मिलि.पर्यंत निम्मी-निम्मी होत जाणारी संहती, अकराव्यात औषधाविना जीवाणू, बाराव्यात नुसता ब्रॉथ. ताज्या वसाहतींपासून ०.५ मॅकफरलंड (गढूळपणाचे प्रमाणित माप) इतके गढूळ मिश्रण करून ते अशा बेताने पातळ करतात की खळग्यात मिलिलिटरला ५ लाख जीवाणू पडतील. ३५° से.ला १६–२० तास ठेवून जो सर्वांत कमी संहतीचा खळगा डोळ्यांना स्वच्छ दिसतो, ती एमआयसी. एका पायरीचा फरक चाचणीच्या स्वाभाविक चढउतारात मोडतो, त्यावरून संयुगांची क्रमवारी लावू नये.

सर्वाधिक घोळ जीवाणूंच्या संख्येत होतो. बीटा-लॅक्टमेज हे पेनिसिलिनसारखी औषधे मोडणारे एन्झाइम बनवणारे जीवाणू जास्त पडले की एमआयसी अनेक पटींनी वाढते. म्हणून अकराव्या खळग्यातील द्रव सुरुवातीलाच हजारपट पातळ करून त्यातले १०० मायक्रोलिटर आगारवर, म्हणजे घट्ट पोषक थरावर, पसरावे. सुमारे ५० वसाहती याव्यात. संयुग विरघळवणारे डीएमएसओ १ टक्क्याच्या वर नको. प्रतिजैविकांपैकी कोलिस्टिन प्लास्टिकला चिकटते, तर डॅप्टोमायसिनला ५० मिग्रॅ./लि. कॅल्शियम लागते. प्रत्येक वेळी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित वाणावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे ज्ञात प्रतिजैविक तपासावे, ०.००४–०.०१६ मायक्रोग्रॅम/मिलि.बाहेरचा आकडा आला तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द.

आयसी५० उत्तम आणि एमआयसी वाईट असेल, तर आधी संशय बाह्यपटलावर आणि औषध बाहेर फेकणाऱ्या पंपावर घ्यावा. नोव्होबायोसिन हे प्रतिजैविक गायरेजच्या बी उपघटकाला घट्ट धरते, तरी साध्या ई. कोलायवर दुबळे पडते; पंपाचा टॉलसी भाग काढलेल्या वाणावर तेच प्रभावी ठरते. उलट, आयसी५० वाईट असूनही एमआयसी चांगली आली, तर संयुग दुसरीकडेच काम करत असते, पुष्कळदा पटल फाडत असते. अशा वेळी मानवी पेशींवरील विषारीपणा लगेच तपासावा.

लक्ष्याची खात्री प्रतिरोधी वाणांवरून होते. एमआयसीच्या ४ पट औषध असलेल्या आगारवर तगलेल्या वसाहतींचा जीनोम वाचतात. बदल गायरेजच्या जनुकात सापडला तर दोन्ही चाचण्यांचा धागा जुळतो. तो फक्त पंपाच्या जनुकात असला तर लक्ष्य अजून सिद्ध व्हायचे आहे.