विहारचं पाणी आणि मुंबईवरचं कर्ज

1854च्या उन्हाळ्यात मुंबईतल्या विहिरी आणि तलाव आटले. बेटाबाहेरून पाणी आणून शहराची तहान भागवावी लागली. तोवर इथे पाण्याची सोय म्हणजे मुख्यतः दानधर्म होता. धोबी तलावाजवळचा फ्रामजी कावसजींच्या नावाचा तलाव त्यातलाच. पुण्यात बंडगार्डनच्या बंधाऱ्यालाही जमशेटजी जिजीभाईंनी मोठी देणगी दिली होती. पण पाच लाखांवर वस्ती गेलेल्या शहराला दानाचे तलाव पुरणार कसे?

हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरने मुंबईच्या उत्तरेला साष्टी बेटावर, मिठी नदीच्या उगमाकडे, विहारला धरण बांधायचा आराखडा मांडला. 1856मध्ये काम सुरू झालं, 1860मध्ये संपलं. तीन बंधारे घालून तलाव केला आणि 32 इंच व्यासाच्या लोखंडी नळातून पाणी शहरात आणलं. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पंप लागला नाही. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याला साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाइतका दाब मिळतो, आणि तोच दाब त्याला नळातून पुढे ढकलतो.

खरी गंमत नळाच्या हिशेबात आहे. व्यास दुप्पट केला तर, उतार तोच असताना, पाणी साडेपाचपट वाहतं, कारण भिंतीशी होणारं घर्षण त्या मानाने कमी पडतं. तोच दाब सोसायला भिंतही दुप्पट जाड केली, तरी लोखंड चौपटच लागतं. म्हणजे मोठा नळ दर लिटरमागे स्वस्त. पण तो आजच विकत घ्यावा लागतो, आणि त्याचा पुरता उपयोग होतो तो पुढे वस्ती वाढल्यावर. धरणाचंही तसंच, अर्धं धरण पाणी अडवत नाही. पंप नसल्यामुळे रोजचा खर्च किरकोळ, पण भांडवल सगळं आधी ओतायचं. अशा कामाला कर्ज हाच रास्त मार्ग, हे मी मान्य करतो. पाणी पुढची पिढी पिणार, तर फेडीतला वाटा तिनेही उचलावा.

माझा आक्षेप निर्णयाच्या रीतीवर आहे. बांधकाम सरकारने केलं, त्याचं कर्ज मात्र नगरपालिकेच्या खात्यावर टाकलं. फेड शहराच्या करांतून व्हायची, आणि कर भरणाऱ्यांना त्या काळी मतच नव्हतं. कारभार सरकारने नेमलेल्या माणसांच्या हाती होता. खर्च किती व्हावा, कर कोणावर किती बसावा, हे ठरवणारे वेगळे आणि पैसे देणारे वेगळे.

1872च्या कायद्याने 64 जणांच्या महापालिकेत निम्म्या जागा निवडणुकीने भरायचं ठरलं. तरी मत मिळालं ते ठरावीक रकमेहून जास्त कर भरणाऱ्यांनाच. चाळीतला भाडेकरू घरमालकाचा कर भाड्यातून भागवत होता, पण मतदारांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.