कैलास-मानसरोवर यात्रा: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

कैलास पर्वत आणि मानसरोवर ही दोन्ही स्थाने तिबेटमध्ये, म्हणजे चीनच्या ताब्यातील प्रदेशात असल्यामुळे या यात्रेचे शासकीय आयोजन भारत सरकारचे परराष्ट्र मंत्रालय करते. २०२० पासून खंडित झालेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीतून ५० जणांच्या पाच आणि सिक्कीममधील नाथू ला खिंडीतून दहा तुकड्या नेण्याचे ठरले, आणि या ७५० जागांसाठी साडेपाच हजारांहून अधिक अर्ज आले. नेपाळमार्गे जाणाऱ्या खाजगी सहलींशी या प्रक्रियेचा संबंध नाही.

अर्जदार भारतीय नागरिक असावा लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, त्यांच्याकडे ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असले तरी, अर्ज करता येत नाही. यात्रेच्या वर्षी १ जानेवारीला वय किमान १८ आणि कमाल ७० वर्षे असावे, तर पासपोर्ट त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला आणखी किमान सहा महिने वैध असावा. याखेरीज बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २५ किंवा त्याहून कमी असण्याची अट आहे. एक मीटर ६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन त्यानुसार ६८ किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी हवे. ही अट अनेकांना जाचक वाटते. परंतु कैलासाच्या परिक्रमेत सुमारे ५,६०० मीटर उंचीची डोल्मा ला खिंड चढून ओलांडावी लागते, हे ध्यानात घेतले तर तीत वावगे काही नाही.

अर्ज मंत्रालयाच्या यात्रेसाठीच्या संकेतस्थळावर केवळ ऑनलाइन स्वीकारला जातो. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत आणि छायाचित्र तेथेच जोडायचे असते. नाव पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच लिहावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये घालण्याची पद्धत असल्यामुळे, आणि विवाहानंतर नाव बदलूनही पासपोर्ट जुनाच राहिल्यामुळे, चूक नेमकी येथेच होण्याचा संभव असतो.

निवड संगणकीय सोडतीने होते आणि मार्ग व तुकडी त्याच वेळी ठरते. निवड झालेल्यांनी दिलेल्या मुदतीत लिपुलेख मार्गासाठी कुमाऊँ मंडल विकास निगमाकडे, तर नाथू ला मार्गासाठी सिक्कीम पर्यटन विकास महामंडळाकडे निश्चितीची रक्कम भरायची असते. ही रक्कम परत मिळत नाही.

खरी चाळणी त्यानंतर लागते. यात्रेकरूंनी दिल्लीत हजर होऊन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते आणि वाटेत उंचीवर भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे डॉक्टर ती पुन्हा करतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा अपस्मार असलेल्यांना अपात्र ठरवले जाऊ शकते, आणि तसे झाल्यास सोडतीतील निवडीचा काही उपयोग उरत नाही. म्हणून रक्कम भरण्याआधीच आपल्या डॉक्टरकडून संपूर्ण तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

दिल्लीला जाताना मूळ पासपोर्ट आणि छायाचित्रांबरोबर तीन कागद तयार ठेवावेत. पहिला म्हणजे मुद्रांकावर करून नोटरीकडून किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून साक्षांकित केलेले क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजे यात्रेत काही हानी झाल्यास तिची जबाबदारी आपली असल्याचे लिहून दिलेला कागद. दुसरा म्हणजे आणीबाणीत हेलिकॉप्टरने परत आणावे लागल्यास त्यासंबंधीचे हमीपत्र. तिसरा कागद सही करताना हात थबकवणारा आहे: चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास पार्थिवावर तेथेच अंत्यसंस्कार करण्यास दिलेली संमती. हा मजकूर घरच्यांनी यात्रेच्या आदल्या रात्री प्रथम वाचावा अशी वेळ आणू नये. अर्ज भरतानाच तो त्यांच्यासमोर ठेवावा.