इंजिन वाढवलंत, टायरचं काय?

२०२५च्या मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली. परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेली, २६५ अश्वशक्तीची, किंमत ५३ लाखांच्या घरात. तेव्हापासून ठाण्यातल्या गाडीवेड्यांच्या चहाच्या अड्ड्यांवर हॉट हॅचचा जुना वाद नव्याने पेटलाय. ५३ लाख कुणाकडेच नाहीत, त्यामुळे वाद लवकरच खिशाला परवडेल अशा पातळीवर उतरतो. ह्युंदाईची आयट्वेंटी एन लाइन घ्यावी, १२० अश्वशक्तीची, आणि तिला बाहेरून ‘स्टेज वन’ रीमॅप मारून घ्यावा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून घ्यावं, की ती दीडशेच्या आसपास जाते. मग एखादा नाक मुरडतो, “फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये, नुसती पुढची दोन चाकं ओढणार, त्यात काय मजा? चारही चाकं ओढणारी ती खरी गाडी!”

हॉट हॅच म्हणजे घरगुती हॅचबॅकच्या पोटात दांडगं इंजिन. १९७६च्या पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये १.६ लिटरचं ११० अश्वशक्तीचं इंजिन होतं. आज तेवढी ताकद एक लिटरच्या टर्बो इंजिनातून सहज निघते. पण वाद इंजिनापाशी सुरू होऊन इंजिनापाशीच संपतो, याचं मला नवल वाटतं. कारण गाडीला पुढे ढकलणारं बल इंजिन देत नाही, रस्ता देतो. इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागे रेटतं आणि रस्ता घर्षणाने गाडीला पुढे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम, आठवी-नववीतला.

हे घर्षण होतं किती जागेत? चालकासह १,२०० किलोची गाडी धरू. इंजिन पुढे असल्याने साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे एकेका चाकावर ३६० किलो. टायरमधल्या हवेचा दाब ३२ पीएसआय. भाराला दाबाने भागा, टायर रस्त्याला किती जागेत टेकतो त्याचं उत्तर येतं सुमारे १६० चौरस सेंटिमीटर. जेमतेम साडेबारा सेंटिमीटर बाजूचा चौकोन. तुमचं इंजिन, तुमचा रीमॅप, तुमचा कर्कश एक्झॉस्ट, सगळ्यांनी मिळून जे काही करायचं ते असल्या दोन चौकोनांतून.

आता माझा आवडता भाग. थोडं गणित आहे, पण सोडू नका.

चांगल्या टायरचा कोरड्या डांबरावरचा घर्षण गुणांक साधारण १ असतो. म्हणजे टायरवर जेवढा भार, जास्तीत जास्त तेवढंच बल तो रस्त्याकडून घेऊ शकतो. त्यापलीकडे चाक जागच्या जागी फिरतं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांवर ६० टक्के भार आहे, तर गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे ‘जी’च्या, ०.६ पट त्वरण मिळायला हवं. पण मिळत नाही. टीएमटीची बस झटक्याने सुटली की उभे प्रवासी मागे जातात, तसंच गाडीचं वजनही वेग घेताना मागच्या चाकांकडे सरकतं. किती सरकतं, ते दोनच गोष्टींवर ठरतं: गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे आणि पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर किती. उंची ५५ सेंटिमीटर आणि अंतर २.६ मीटर धरलं, तर गुणोत्तर ०.२१. म्हणजे त्वरण जितके ‘जी’, त्याच्या ०.२१ पट वजन पुढून निघून मागे जातं.

त्वरणाला ‘क्ष’ म्हणू. पुढच्या चाकांवर उरलेला भार ०.६ वजा ०.२१ क्ष. गुणांक १ असल्याने मिळणारं कमाल त्वरणही तेवढंच: क्ष = ०.६ − ०.२१ क्ष. सोडवा, क्ष येतो ०.५च्या जरासा खाली. गंमत बघा, या समीकरणात इंजिन कुठेच नाही! वजनसुद्धा नाही, ते दोन्हीकडून कटलं. गाडी जितकी जोरात पुढे जायला बघते, तितकी ती आपल्याच ओढणाऱ्या चाकांवरून उचलली जाते.

अर्ध्या ‘जी’ने शून्य ते शंभर जायला ५.७ सेकंद लागतात. गोल्फ जीटीआयचा कंपनीने दिलेला आकडा आहे ५.९. होंडा सिव्हिक टाइप आर युरोपात ३२९ अश्वशक्तीची विकली गेली, तीही फ्रंट व्हील ड्राइव्ह, तिचा आकडा ५.४. चौसष्ट घोडे जास्त जुंपले आणि पदरात पडला अर्धा सेकंद, त्यातही टायर जास्त चिकट म्हणून. उलट मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस, ४२१ अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद, ३.९ सेकंदांत शंभर गाठते. चारही चाकं ओढत असली की वजन पुढे राहो की मागे जाओ, ते कुठल्या ना कुठल्या ओढणाऱ्या चाकावरच असतं. तिथे मर्यादा पुन्हा इंजिनाची होते.

मग १२०च्या गाडीला दीडशे करून काय मिळतं? ताकद म्हणजे बल गुणिले वेग. १२० अश्वशक्तीतले साधारण ७५ किलोवॉट चाकापर्यंत पोचतात. टायर घेऊ शकतो ते कमाल बल सुमारे ५,८०० न्यूटन. भागाकार केला की वेग येतो ताशी ४६ किलोमीटर. याच्या खाली इंजिनाकडे टायरपेक्षा जास्त ताकद आहे, याच्या वर टायरकडे जास्त पकड आहे. गिअर, क्लच वगैरेंमुळे प्रत्यक्षात आकडा जरा इकडेतिकडे होईल, पण ४६च्या खाली रीमॅप केलेली आणि न केलेली गाडी सारखीच पळणार, फरक फक्त टायरच्या किंचाळण्याचा. कित्येक कंपन्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, मुद्दाम दाबून ठेवतात, तो याचसाठी.

आता जुलै आणा. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.६ धरा, तोही टायर चांगला असेल तर. तेच समीकरण पुन्हा सोडवलं की त्वरण ०.३२ ‘जी’ येतं आणि ती सीमा ४६वरून ताशी ७२ किलोमीटरवर जाते. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात ७२? कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत खड्डे, मेट्रोचे बॅरिकेड आणि ट्रेलर चुकवत जाणाऱ्या माणसाला विचारा. चार महिने तुमचा सगळा प्रवास असा होणार की इंजिनातला वाढीव घोडा कधी कामालाच लागणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा १०० किलोमीटरची मर्यादा असलेल्या अटल सेतूवर ऐंशीच्या पुढे एखाद्याला ओलांडताना रीमॅप जाणवतो, हे खरं. तेवढ्यासाठी पैसे घालायचे तर घाला.

नवी गाडी शोरूममधून निघताना टायरखाली लिंबू चिरडायला आपण विसरत नाही. त्याच टायरमध्ये हवा किती हवी, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं, ते वाचायला मात्र सवड नसते. नायट्रोजन भरला की पकड वाढते, हा त्याच लिंबाचा शहरी भाऊ. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच.

ट्यूनिंगविषयी थोडं. टर्बो इंजिनाचा रीमॅप म्हणजे संगणकाला सांगणं की हवा जास्त दाबाने भर आणि ठिणगी थोडी आधी टाक. हवा दाबली की तापते. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर आदर्श परिस्थितीतही ती शंभर अंशांवर जाते, खऱ्या टर्बोत १३०च्या आसपास. इंटरकूलर तिला खाली आणतो, पण त्याला समोरून वारा लागतो. मे महिन्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला वारा कुठला? इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. इंजिनात शिरणारी हवा ५० ऐवजी ७५ अंशांची झाली की त्याच दाबाला सुमारे सात टक्के कमी हवा मिळते. वर गरम मिश्रण ठिणगीची ज्वाळा पोचायची वाट न पाहता आपोआप पेटू लागलं (यालाच नॉक म्हणतात) की नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक ठिणगी मागे ओढतो. थंड वातानुकूलित खोलीत डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, काढलेला आलेख भिंतीवर लावायला छान दिसतो.

इथे इथेनॉल मदतीला येतं, ही गोष्ट ई-२०ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, शिव्या घालताना राहून जाते. मायलेज कमी होतं यात शंका नाही, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. पण त्याचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याचा आकडा, शंभरच्या वर आहे आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणजे सिलिंडरमधली हवा थंड करतं. टर्बोवाल्याला अजून काय हवं! अर्थात गाडी ई-२०साठी बनवलेली असेल तर.

पुन्हा चाकांकडे. फ्रंट व्हील ड्राइव्हची दुसरी अडचण वळणावर येते. गायमुखच्या घाटात चढाच्या वळणावर आतल्या बाजूचं चाक हलकं होतं. डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणजे हलकं चाक जेवढं पेलेल तेवढाच बाहेरच्यालाही. आतलं चाक भिरभिरतं, गाडी बाहेर सरकते. टाइप आरमधला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दातेरी चक्रांच्या घर्षणातून जास्तीचा टॉर्क बाहेरच्या चाकाकडे लोटतो. याच गाडीत स्टिअरिंगचा फिरण्याचा आसही चाकाच्या मध्याजवळ आणलाय, नाहीतर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जातं. फोर्डने २००९च्या फोकस आरएसमध्ये अशाच युक्त्या करून ३०५ अश्वशक्ती पुढच्या दोन चाकांवर टाकली. पुढची फोकस आरएस ३५० अश्वशक्तीची आली, तेव्हा मात्र त्यांनी मुकाट चारही चाकांना ताकद दिली.

आणि ‘चारही चाकं ओढणारी गाडी पावसात सुरक्षित’ हा समज. ओढायला चार चाकं कामी येतात, पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात. पाम बीच रोडवर पहिल्या पावसात तेल वर आलेलं असतं, तिथे समोरचा अचानक थांबला तर ए ४५ एस आणि जुनी स्विफ्ट दोघींनाही रस्ता सारखीच पकड देणार, ज्याचे टायर बरे तो आधी थांबणार. उलट चार चाकांच्या ताकदीमुळे ओल्या रस्त्यावर गाडी इतकी सहज पळते की रस्ता निसरडा आहे हे कळतच नाही. शिवाय अशा गाडीत मागच्या आसापर्यंत दांडा, क्लचचा गठ्ठा आणि दुसरा डिफरन्शियल लागतो. हे सगळं वजन तीन हात नाक्याच्या रांगेतही तुम्हीच वाहणार.

तेव्हा ठाण्या-नवी मुंबईत दीडशे अश्वशक्तीच्या आत खेळणाऱ्याने फ्रंट व्हील ड्राइव्हला नावं ठेवू नयेत. तीनशेच्या पुढे जायची ऐपत असेल तर चारही चाकं हवीतच. पैसे आधी टायरमध्ये घाला. टायरच्या कडेला शेवटी चार अंक असतात, २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दुकानदार सवलतीत जुना माल देतो, तेव्हा ते वाचा. त्यानंतर ब्रेक. रीमॅपची खाज तरीही राहिली, तर मूळ तपशिलात फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं ते बघा आणि वॉरंटीवर पाणी सोडा. गिअरबॉक्सची क्षमताही विचारा. फोक्सवॅगनच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि त्यांच्याच व्हर्टस गाडीचं १.५ लिटरचं इंजिन कारखान्यातूनच नेमकं तेवढा टॉर्क घेऊन येतं. तिथे स्टेज वन मारलंत तर बिल क्लचचं येईल.